मध्यम वयातील दातांची झीज आणि कीड

(तासगाव परिसरातील द्राक्षबागायतदार, शेतमजूर आणि गृहिणी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एकदंताच्या गावी येऊन दातांविषयी बोलावयाचे, हा योग मोठा गमतीचा आहे. पटवर्धनांनी उभारलेले गणेशमंदिर, त्याचे दाक्षिणात्य धर्तीचे गोपुर आणि ऋषिपंचमीचा रथोत्सव यांमुळे तासगावचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. पुढे द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी ते देशाबाहेरही नेले. परंतु गणरायाला एक दात पुरतो, तुम्हाआम्हांला पुरत नाही. निसर्गाने आपल्याला बत्तीस दात दिले आहेत, आणि नीट निगा राखली तर त्यांतील बहुतेक अखेरपर्यंत साथ देऊ शकतात. असे असूनही पंचेचाळिशी गाठण्यापूर्वीच ज्यांच्या दाढा गेल्या आहेत, अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक गल्लीत आढळतात. "वय झाले, आता दात जायचेच," असे म्हणून आपण ही गोष्ट सोडून देतो. वय झाले म्हणून दात जात नाहीत, हेच आज मला प्रथम सांगावयाचे आहे. दात जातात ते रोगाने, आणि हा रोग बहुतांशी टाळता येण्याजोगा आहे.

दुर्लक्षित वयोगट

लहान मुलांच्या दातांची तपासणी शाळेत होते. वृद्धांच्या कवळीची चौकशी घरात होते. या दोहोंच्या मधला, पस्तीस ते पंचावन्न वयाचा, घर आणि शेत दोन्ही ज्याच्या खांद्यावर आहे असा जो वर्ग, त्याच्या तोंडात कोणी डोकावून पाहत नाही. तो स्वतःही पाहत नाही. वास्तविक खरे नुकसान याच वयात होत असते. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर मौखिक आरोग्याची पाहणी केली. तीत ३५ ते ४४ वयोगटातील सुमारे ८० टक्के लोकांच्या दातांना कीड आढळून आली. म्हणजे दहांतील आठ माणसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही विकार आहे. इतका सार्वत्रिक दुसरा रोग क्वचितच असेल, आणि इतका दुर्लक्षितही.

'कीड' म्हणजे काय?

आपल्या भाषेने या रोगाला 'कीड' हे नाव दिले आणि त्याबरोबर एक गैरसमजही दिला. दातात किडा असतो, तो दात पोखरतो, अशी कल्पना जगातील अनेक जुन्या समाजांत होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो किडा पाडण्याचे प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. फ्रान्समधील पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ही किड्याची कल्पना अमान्य केली. १८९० मध्ये मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने खरा प्रकार दाखवून दिला. तोंडातील सूक्ष्म जंतू गोड आणि पिठूळ अन्नाचे आम्ल बनवितात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळविते. दात पोखरणारे कोणी चावरे जनावर नाही. ते आम्ल आहे, आणि त्याचा कच्चा माल आपणच पुरवीत असतो.

दाताच्या वरच्या पांढऱ्या, चकचकीत आवरणाला दंतवल्क म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ होय. त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. मात्र त्यात एक उणीव आहे. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते. परंतु दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. त्यामुळे एकदा गेलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. बालपणी मिळालेली ही ठेव जन्मभर पुरवावी लागते.

सामूचे गणित

आपण बागायतदार आहात. मातीचा सामू किती आहे हे पाहिल्यावाचून आपण खताचा डोस ठरवीत नाही. तोंडालाही सामू असतो. लाळेचा सामू साधारणतः ७ च्या आसपास असतो. तो सुमारे ५.५ च्या खाली उतरला की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. दाताच्या मुळाचे आवरण त्याहून मऊ असल्यामुळे ते याहीपूर्वी, सामू साडेसहाच्या आसपास आला तरी, विरघळू लागते.

स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात असे दाखविले की, साखर तोंडात गेल्यावर अवघ्या काही मिनिटांत दातांवरील थराचा सामू घसरतो आणि पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो. या अवधीत लाळ आपले काम करीत असते. ती आम्ल सौम्य करते आणि विरघळलेले खनिज काही अंशी परत दातात बसविते. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, ती याच कामासाठी. परंतु लाळेला उसंत मिळाली पाहिजे. दर तासाला काही ना काही गोड तोंडात पडत राहिले, तर सामू वर येण्यापूर्वीच पुन्हा खाली जातो आणि भरपाई होतच नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. साखर किती खाल्ली याबरोबरच ती दिवसातून किती वेळा खाल्ली, हे दातांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. स्वीडनमधील विपेहोल्म येथील मतिमंदांच्या संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात जे प्रयोग झाले, त्यांतून हेच सिद्ध झाले. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये चिकट गोड खाणाऱ्यांचे दात फार अधिक किडले. असहाय माणसांवर त्यांच्या संमतीवाचून केलेला हा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. त्या अभाग्यांनी दातांची किंमत मोजून जे ज्ञान आपल्याला दिले, ते वाया घालविण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही.

आता आपल्या दिनक्रमाकडे पाहू. पहाटे पाण्याची पाळी धरावयाची म्हणून एक चहा, घरी परतल्यावर दुसरा, बागेत मजुरांबरोबर तिसरा, पाहुणा आला की चौथा, बाजार समितीत सौद्याच्या वेळी पाचवा, आणि सायंकाळी सहावा. आपला जिल्हा उसाचा आणि गुळाचा. त्यामुळे साखर घालताना हात आखडत नाही. बिनगोडाचा चहा देणे हा पाहुण्याचा अपमान समजला जातो. एका कपात दोन चमचे म्हणजे सुमारे आठ ते दहा ग्रॅम साखर धरली, तरी सहा कपांत ती पन्नास ते साठ ग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली प्रौढ माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा सुमारे ५० ग्रॅम सांगितली आहे, आणि शक्य तर ती २५ ग्रॅमवर आणावी असे म्हटले आहे. म्हणजे शिरा, लाडू, जिलेबी यांना हात न लावताच केवळ चहावर आपली मर्यादा संपते. शिवाय दातांवर दिवसातून सहा वेळा आम्लाचा मारा होतो, तो वेगळाच.

झीज : निराळा विकार

कीड आणि झीज हे दोन भिन्न विकार आहेत. किडीत जंतू आम्ल बनवितात. झिजेत जंतूंचा संबंध नसतो. बाहेरचे आम्ल, घर्षण किंवा दाब यांनी दात हळूहळू कमी होत जातो. दात पिवळट दिसू लागतात, कारण वरचे पांढरे आवरण पातळ होऊन आतला पिवळसर भाग डोकावतो. थंड पाणी प्यायले की कळ जाते. पुढच्या दातांच्या कडा पातळ होतात. दाढांचे उंचवटे सपाट होतात.

आंबटाने होणारी झीज प्रथम पाहू. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ असतो, बाटलीतील शीतपेयांचाही जवळपास तितकाच. पिकलेल्या द्राक्षाच्या रसाचा सामू ३ ते ४ च्या दरम्यान असतो, कारण त्यात टार्टारिक आणि मॅलिक ही आम्ले असतात. परदेशांत दिवसभर मद्याची चव पाहणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, अशा परीक्षकांचे दात झिजलेले आढळले आहेत. आपल्याकडे मण्यात गोडी उतरली की नाही हे पाहण्यासाठी बागेत फिरता फिरता एकेक मणी तोंडात टाकण्याची सवय अनेकांना असते. याचा अर्थ द्राक्षे खाऊ नयेत असा कोणी करू नये. द्राक्ष हे उत्तम फळ आहे. घोसभर द्राक्षे एका बैठकीत, जेवणाबरोबर खावीत, वर पाण्याने खळखळून चूळ भरावी. दातांचे काही बिघडत नाही. बिघडते ते दिवसभर एकेक मणी चघळत राहिल्याने. गोडी पाहावयाची तर त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर आहे. त्याला दात नसतात! बेदाण्याचीही तीच गोष्ट. त्यात साखर एकवटलेली असते. निवडताना, प्रतवारी करताना येताजाता तोंडात टाकण्यापेक्षा तो जेवणात घ्यावा.

दुसरी झीज घर्षणाची. विटेची पूड, कोळसा, राखुंडी, जाडे मीठ यांनी दात घासले की ते चकचकीत होतात खरे, परंतु ती चकाकी दाताचा थर खरवडून आलेली असते. कडक ब्रश घेऊन आडवे, जोराने घासणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत पाचरीच्या आकाराची खाच पडते. पुष्कळांना ती कीडच वाटते. काहींना झोपेत दात खाण्याची सवय असते. त्यानेही दाढा सपाट होतात. आणखी एक कारण पोटात असते. ज्यांना सतत आंबट ढेकर येतात, पित्त वर येते, त्यांच्या दातांची आतली बाजू जठरातील आम्लाने झिजते. अशा वेळी दंतवैद्याबरोबर पोटाच्या डॉक्टरांचाही सल्ला घेतला पाहिजे.

मिश्री

माताभगिनींशी येथे थोडे स्पष्ट बोलतो. त्यांनी राग मानू नये. तंबाखू तव्यावर भाजून, तिची पूड करून दातांना लावण्याची चाल आपल्या भागात घरोघर आहे. ती दंतमंजन म्हणून सुरू होते आणि व्यसन म्हणून राहते. मिश्री लावल्यावाचून पोट साफ होत नाही, डोके चढते, असे भगिनी सांगतात. ते खोटे नाही. परंतु ते मिश्रीच्या गुणाचे लक्षण नसून निकोटिनच्या सवयीचे लक्षण आहे. तंबाखू जेथे रोज लागते तेथे हिरडी खाली सरकते, दाताचे मूळ उघडे पडते आणि मघाशी सांगितल्याप्रमाणे ते मूळ दंतवल्काहून मऊ असल्यामुळे लवकर किडते. तंबाखूमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून रक्त येत नाही आणि हिरड्या घट्ट झाल्या असे वाटते. रोग आत चालू असतो. त्याची खूण मात्र झाकली जाते.

दात गेले तर कवळी बसविता येते. तंबाखू, सुपारी आणि गुटखा यांनी मुखाचा कर्करोग होतो, तेव्हा मात्र प्राणाशी गाठ असते. राज्य शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. या रोगाने कर्तृत्वाच्या ऐन भरात माणसे जातात, हे तासगाव तालुक्याला कोणी सांगावयास नको. ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव पोहोचविणारे, याच तालुक्यातील अंजनीचे सुपुत्र आर. आर. पाटील यांचे १६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुखाच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांचे वय अवघे ५७ होते. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, दोनतीन आठवड्यांत व्रण भरला नाही, अथवा तोंड उघडल्यावर तीन बोटे उभी मावेनाशी झाली, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांना दाखवावे. वेळीच सापडलेला कर्करोग बरा होऊ शकतो.

हिरड्या आणि मधुमेह

चाळिशीनंतर दात जाण्याचे एक मोठे कारण हिरड्यांचा रोग हे आहे. दातांवरील जंतूंचा मऊ थर रोज निघाला नाही की त्याचे कठीण किटण बनते. त्याखाली हिरडी सुजते, रक्त येते, मुखदुर्गंधी येते आणि पुढे दाताला धरून ठेवणारे हाडच झिजून दात हलू लागतो. हे सारे बहुधा न दुखता घडते. मधुमेहाचा या रोगाशी दुहेरी संबंध आहे. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या असतील तर रक्तातील साखर आटोक्यात येण्यास अडचण पडते. म्हणून मधुमेह्याने पायांची जशी काळजी घ्यावी तशीच हिरड्यांचीही घ्यावी. रक्तदाब, मनोविकार इत्यादींवरील काही औषधांनी लाळ कमी होते. तोंड कोरडे पडते आणि कीड झपाट्याने वाढते. असे आढळल्यास औषध स्वतःहून बंद न करता ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

'हंगाम संपल्यावर पाहू'

दाताची कळ आली की आपण लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतो. त्याने कळ थांबते, कारण त्या तेलात बधिरता आणणारे द्रव्य आहे. मात्र कळ थांबली म्हणजे कीड थांबली असे नव्हे. काही जण हिरडीवर वेदनाशामक गोळी ठेवतात. त्याने हिरडी भाजून निघते. मग दोनचार दिवसांनी दुखणे आपोआप बंद होते आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. अनेकदा ते दातातील जिवंत भाग मृत झाल्याचे लक्षण असते. पुढे मुळाशी पू होतो, गाल सुजतो आणि दात काढण्यावाचून मार्ग उरत नाही.

हे घडते त्यास केवळ अज्ञान कारणीभूत नाही. छाटणी, विरळणी, डिपिंग, काढणी या कामांत दिवस मोडणे परवडत नाही. मजुरी करणाऱ्या भगिनीची तर दवाखान्याच्या एका खेपेत दिवसाची हजेरी बुडते. म्हणून "हंगाम संपल्यावर पाहू" असे ठरते. परंतु लहानशी कीड एका खेपेत, थोड्या खर्चात भरता येते. तीच नसेपर्यंत पोहोचली की मुळाचा उपचार करावा लागतो; त्याला कित्येकदा दोनतीन खेपा आणि अनेक पट खर्च लागतो. दात गेला की शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली उतरतो, एकाच बाजूने चावण्याची सवय लागते. हळूहळू ज्वारीची भाकरी, भुईमुगाचे दाणे, हरभरे, काकडी, गाजर ताटातून नाहीसे होतात आणि राहतो तो चहात बुडविलेला पाव. राबणाऱ्या शरीराला याहून मोठा तोटा कोणता?

दोन गैरसमज येथेच दूर करतो. वरचे दात काढल्याने दृष्टी अधू होते, ही समजूत निराधार आहे. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत. किटण काढल्याने दात हलू लागतात, हेही खरे नाही. हाड झिजल्यामुळे दात आधीच सैल झालेला असतो. किटणाच्या आधाराने तो घट्ट भासत होता इतकेच.

काय करावे?

उपाय थोडे आणि स्वस्त आहेत.

दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून रात्रीचे घासणे सकाळच्याहून महत्त्वाचे. घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा. फार चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. बाभळीची वा कडुलिंबाची काडी वापरणाऱ्यांनी ती चावून तिचा मऊ कुंचला करावा, हिरडीला ओरबाडू नये; पेस्टमधील फ्लोराइड मात्र काडीत नसते, हे लक्षात ठेवावे.

आंबट खाल्ल्याबरोबर दात घासू नयेत. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशने निघून जातो. आधी साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा ते एक तास थांबावे.

चहाचे कप कमी करावेत. ते न जमल्यास निदान दोन कप बिनसाखरेचे करावेत. गोड खावयाचे ते जेवणाबरोबर खावे. मिश्री, तंबाखू, सुपारी सोडावी. सोडण्यास कठीण जात असेल तर संकोच न करता शासकीय रुग्णालयात मदत मागावी.

वर्षातून दोनदा तपासणी करून घ्यावी. तारीख लक्षात राहत नाही असे कोणी म्हणेल. बागेची एक छाटणी एप्रिलात आणि दुसरी ऑक्टोबरात, हे आपण कधी विसरत नाही. बागेच्या खरड छाटणीच्या आणि फळछाटणीच्या महिन्यांतच घरातील सर्वांचे दात दाखवून घ्यावेत. सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयाखेरीज सांगली आणि कवलापूर येथे दंत महाविद्यालयेही आहेत. अशा महाविद्यालयांत विद्यार्थी अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात आणि खर्चही साधारणपणे कमी येतो. बाजारात बसून झटपट दात बसवून देणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. रीतसर नोंदणी झालेल्या दंतवैद्याकडूनच उपचार घ्यावेत.

दावण्या दिसण्यापूर्वी

बंधुभगिनींनो, दावण्या आणि भुरी हे रोग पानावर दिसेपर्यंत कोणताही जाणता बागायतदार थांबत नाही. ढगाळ हवा पडली की तो फवारणीच्या तयारीला लागतो, कारण रोग दिसला त्या दिवशी निम्मी लढाई हरलेली असते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. ज्यांच्या तालुक्यातून 'तास-ए-गणेश'सारखे द्राक्षवाण पुढे आले, त्या आपणांस प्रतिबंधाचे महत्त्व मी वेगळे काय सांगावे? वेलीला जी दक्षता, तीच स्वतःच्या मुखाला लावावयाची आहे. वेल गेली तर नवी लावता येते. बत्तीसांतील गेलेला एकही दात पुन्हा उगवत नाही.

म्हणून आज रात्री घरी गेल्यावर निजण्यापूर्वी दात घासावेत आणि उद्या सकाळी घरातील चाळिशीच्या माणसाला आरशासमोर उभे करून तोंड उघडावयास सांगावे. एखादी खाच, एखादा काळा डाग, एखादा चट्टा दिसला, तर हंगामाची सबब सांगू नये. एवढे आपण केलेत, तर या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.